गाण्याचे घर

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात राजूर नावाचे गाव आहे. तेथील राजुरेश्वर गणपतीचे देवस्थान सर्व मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. अंगारकी चतुर्थीला दूरदूरची माणसे पायी चालत राजूरला येतात. कोणाच्या खांद्यावर पताका असते, कोणाच्या गळ्यात मृदंग असतो, तर कोणाच्या हाती टाळ असतात. भजनाला रंग चढू लागला, की रांगेच्या अगदी टोकाला एखादा दहा-अकरा वर्षांचा मुलगा येऊन बसतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. मोठी माणसे टाळ कसे धरतात हे तो काही वेळ पाहतो, आणि मग हळूच आपलाही टाळ त्यांच्या टाळांत मिसळतो. प्रथम ठेका चुकतो. शेजारचा म्हातारा मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी त्याला खुणावतो. दोन-चार चतुर्थ्या गेल्या, की मुलगा ठेक्यात पक्का होतो.

आपल्या देशात हजारो माणसे अशाच रीतीने गाणे शिकली. या शिक्षणाला ना इमारत लागली, ना घंटा, ना हजेरीपट. मग गाणे शिकवण्यासाठी शहरात मोठे घर बांधावे, त्यात वर्ग असावेत, परीक्षा असाव्यात, असे कोणाच्या मनात का यावे? ज्या पुरुषाच्या मनात हे प्रथम फार तळमळीने आले, त्याने असे घर खरोखरच बांधले, आणि ते घर त्याच्या डोळ्यांदेखत गेलेही. त्याचे नाव विष्णू दिगंबर पलुसकर.

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमाजवळचे हे लहानसे संस्थानी गाव. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. तेव्हा सूर आणि ताल या मुलाच्या कानावर घरातच पडत होते. परंतु बालपणीच त्याच्यावर मोठे संकट ओढवले. एका उत्सवात शोभेचे दारूकाम चालू असता फटाका तोंडाजवळ उडाला आणि डोळ्यांना जबर इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेस नेले. दृष्टी काही प्रमाणात वाचली, पण पुस्तकांवर मान घालून करावयाचा अभ्यास त्याला पुढे झेपण्याजोगा राहिला नाही. डोळ्यांचे दार अर्धे मिटले, तेव्हा कानांचे दार उघडावे असे मोठ्या माणसांनी ठरवले, आणि मिरज संस्थानच्या आश्रयाने हा मुलगा पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकू लागला.

बाळकृष्णबुवांनी स्वतः ही विद्या फार कष्टाने मिळवली होती. ते त्यासाठी दूर उत्तरेस ग्वाल्हेरपर्यंत गेले होते, आणि वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून त्यांनी ग्वाल्हेरची गायकी आत्मसात केली होती. महाराष्ट्रात ती गायकी रुजली याचे मोठे श्रेय त्यांनाच दिले जाते. त्या काळी शिष्य गुरूच्या घरी राहत असे. पहाटे उठून खर्जाची साधना करावयाची, पाणी भरावयाचे, गुरूंची सेवा करावयाची, आणि गुरू प्रसन्न असतील तेव्हा ते जे सांगतील ते कानांत साठवून ठेवावयाचे. ना वही, ना पुस्तक. एखादी चीज शिष्याला पूर्ण मिळावयास कधी महिना लागे, तर कधी वर्षही जाई. या पद्धतीने थोर गवई निर्माण झाले यात शंका नाही. पण ज्याला घरदार सोडणे शक्य नाही त्याने, किंवा गृहस्थाच्या घरातील मुलींनी, ही विद्या शिकावी कशी, या प्रश्नाला त्या पद्धतीत उत्तर नव्हते.

दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती अधिक बोचणारी होती. राजेरजवाडे गवयाला पदरी ठेवीत, त्याला शालजोडी देत. पण समाजात त्याला मान मोठासा नसे. मिरजेतील एक प्रसंग सांगतात. गावात प्रतिष्ठित मंडळींचा कसलासा समारंभ होता. विष्णुबुवांना त्याचे निमंत्रण आले, कारण त्यांच्यावर संस्थानिकांची मर्जी होती. त्यांच्या गुरूंना मात्र निमंत्रण नव्हते. गुरूंना का वगळले असे विचारता, ते तर गवई, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. तरुण शिष्याच्या मनाला ते उत्तर फार लागले. ज्या माणसाने ही विद्या मिळवण्यासाठी अर्धा देश पालथा घातला, त्याला आपल्याच गावात पाट मांडला जात नाही. मग ही विद्या पुढे कोण शिकेल?

१८९६ मध्ये विष्णुबुवांनी मिरज सोडली. राजाश्रयाची छाया आपण होऊन सोडणारा गवई त्या काळी विरळाच. बडोदा, ग्वाल्हेर, सौराष्ट्र असे करीत ते उत्तरेकडे सरकत गेले. दरबाराऐवजी सामान्य लोकांसमोर, तिकीट लावून, ते जलसे करू लागले. दोन-चार आणे देऊन कोणीही यावे, बसावे, ऐकावे. आज आपणांला यात नवल वाटत नाही. त्या काळी मात्र चांगले गाणे दरबारात किंवा धनिकांच्या दिवाणखान्यात ऐकावयाचे, अशी रीत होती.

अखेर ते लाहोरला पोहोचले. आज हे शहर पाकिस्तानात आहे. त्या वेळी ते अखंड हिंदुस्थानातील पंजाब प्रांताची राजधानी होते. महाराष्ट्रातून आलेल्या या तरुणाला तेथे ना नातलग होते, ना स्वतःची भाषा बोलणारी माणसे फारशी होती. तेथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी ‘गांधर्व महाविद्यालय’ उघडले. त्याआधी संगीताच्या शाळा नव्हत्याच असे नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली होती. पण तिच्या पाठीशी राज्याचा खजिना होता. लाहोरच्या विद्यालयाच्या पाठीशी होते ते लोकांनी दिलेले दान आणि विष्णुबुवांचा गळा.

प्रारंभीच्या दिवसांत विद्यालयात विद्यार्थीच नव्हते असे म्हणतात. तरीही विष्णुबुवा ठरलेल्या वेळी वर्गात येत, तंबोरे जुळवीत, आणि वर्गाची वेळ संपेपर्यंत रिकाम्या सतरंजीसमोर बसून राहत. शाळा उघडली आहे, मग ती वेळेवर भरली पाहिजे! हळूहळू मुले आली. मुलींसाठीही वर्ग निघाले. एकेक चीज एकेका शिष्याच्या कानात घालावयाची तर आयुष्य पुरणार नाही, हे ओळखून विष्णुबुवांनी स्वर आणि ताल कागदावर लिहिण्याची स्वतःची पद्धती तयार केली. स्वर मंद्र आहे की तार, कोमल आहे की तीव्र, त्यावर किती मात्रा थांबावयाचे, हे सारे खुणांनी दाखवता येऊ लागले. अशा खुणांचे खिळे सामान्य छापखान्यात कोठून असणार? म्हणून विद्यालयाचा स्वतःचा छापखाना निघाला, आणि त्यातून क्रमिक पुस्तके बाहेर पडू लागली. गुरूच्या तोंडून जे ऐकले ते घरी जाऊन पुन्हा पाहता येईल, अशी सोय संगीताच्या विद्यार्थ्याला होत होती. कागदावरचे स्वर म्हणजे गाणे नव्हे, असा आक्षेप जुन्या मंडळींनी घेतला. त्यात तथ्य होतेच. मींड कशी घ्यावयाची हे खुणेने कळत नाही. त्यासाठी गुरूच हवा. पण विसरलेल्या चिजेची आठवण करून द्यावयास ती खूण पुरेशी होती.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालयाची शाखा निघाली. मुंबईत विद्यार्थी झपाट्याने वाढले, आणि थोड्याच काळात कामाचा सारा भार लाहोरहून मुंबईकडे सरकला. भाड्याच्या खोल्यांत आता काम निभेना. तेव्हा सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची वास्तू उभारण्याचे बुवांनी मनावर घेतले.

संगीताच्या शाळेला वेगळे घर का लागते, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. गणिताचे दोन वर्ग एका पातळ भिंतीच्या दोन बाजूंना बसले तर फार बिघडत नाही. गाण्याच्या वर्गाचे तसे नाही. तंबोऱ्याच्या चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमात आणि बाकीच्या तीन षड्जात लावलेल्या असतात. गाणाऱ्याचा कान या तारांच्या नादावर सतत टेकलेला असतो. आता शेजारच्या खोलीत मुलींचा वर्ग असेल, तर त्यांचा षड्ज मुलांच्या षड्जाहून वर असणार. दोन तंबोरे दोन वेगळ्या स्वरांत एकाच वेळी कानांवर पडू लागले, की नवशिक्याचा सूर कोठे टेकावा? त्यातच पलीकडे तबल्याचा वर्ग असेल तर पाहावयासच नको. म्हणून खोल्या अनेक हव्यात, त्यांच्या भिंती जाड हव्यात, आणि तालवाद्यांची जागा शक्य तितकी दूर हवी.

वाद्ये ठेवण्याची खोली हीदेखील साधी अडगळीची खोली नव्हे. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे खरोखरच वाळवलेला भोपळा असतो. मिरजेचे कारागीर तो पंढरपूर भागातून आणतात, महिनोन्‌महिने मुरवतात, आणि मग त्याला लाकडी दांडी जोडतात. मिरजेच्या या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. असे हे वाद्य ठेच लागली तर तडकते, आणि दमट हवेत त्याच्या तारा उतरतात. मुंबईच्या पावसाळ्यात तर त्याला लेकरासारखे जपावे लागते. तेव्हा वाद्ये कोरडी ठेवण्याची आणि त्यांची दुरुस्ती करण्याची सोय घरातच असावी लागते.

शिवाय गाणे नुसते शिकून भागत नाही, ते ऐकवावे लागते. बंद खोलीत उत्तम गाणाऱ्या मुलाचा गळा चार अनोळखी माणसे समोर बसताच सुकतो. म्हणून विद्यालयाला सभागृह हवे. आणि सभागृह बांधणे हे तर शास्त्रच आहे. विष्णुबुवांनी मिरज सोडली त्याच सुमारास, १८९५ मध्ये, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण अध्यापकापुढे एक चमत्कारिक अडचण आली होती. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच कळत नसे, कारण उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिन रात्री, सारे सामसूम झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या उचलून आणी, त्या दालनात पसरी, आणि एका नळीतून नाद काढून तो किती वेळ टिकतो हे मोजी. जितक्या गाद्या अधिक, तितके घुमणे कमी. पहाट होताच सर्व गाद्या पुन्हा जागच्या जागी! या मोजमापांतून त्याने जो नियम काढला, त्याच्या आधारे १९०० मध्ये बोस्टन शहरात संगीतसभागृह उभे राहिले आणि ते नादासाठी नावाजले गेले. आपल्याकडच्या जुन्या बैठकीत सतरंज्या, गाद्या, लोड आणि जाड पडदे असत. ते शोभेसाठी होते असे आपण समजतो. पण बसणाऱ्यांच्या सुखाबरोबर ते गाणाऱ्याचा सूरही स्वच्छ ठेवीत होते.

विष्णुबुवांच्या वास्तूत केवळ येऊन-जाऊन शिकणाऱ्यांची सोय व्हावयाची नव्हती. त्यांना शिक्षक घडवावयाचे होते. त्यासाठी निवडक मुलांना कित्येक वर्षे विद्यालयातच ठेवून घ्यावयाचे, त्यांच्या जेवणाखाणाचा आणि राहण्याचा भार विद्यालयाने उचलावयाचा, आणि शिकून तयार झाल्यावर त्यांनी गावोगावी जाऊन संगीत शिकवावयाचे, अशी योजना होती. गुरूच्या घरी राहून शिकण्याची जुनी रीत आणि वर्ग, वेळापत्रक, परीक्षा यांची नवी रीत, या दोहोंचा हा संयोग होता. म्हणून वर्गांबरोबर वसतिगृहही बांधावे लागले.

हे सारे उभे राहिले ते बहुतांशी कर्जावर. विष्णुबुवांचा हिशेब सरळ होता. वर्षातून काही महिने दौरा काढावयाचा, गावोगावी जलसे करावयाचे, आणि मिळालेल्या पैशातून सावकारांचे हप्ते फेडावयाचे. पण मुलांचे जेवण रोजचे होते, व्याज रोजचे होते, आणि जलसे मात्र रोजचे नव्हते. एकट्या गळ्याने किती घरे पोसावीत? हिशेबी माणूस म्हणेल, की आधी पैसा जमवावा आणि मग वीट रचावी. तसे झाले असते तर घर कदाचित वाचले असते. परंतु पैसा जमेपर्यंत त्या मुलांचे शिकण्याचे वय थांबून राहिले नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. चूक होती की नव्हती, याचा निवाडा सोपा नाही.

कर्ज वाढत गेले. १९२४ च्या सुमारास सावकारांनी वास्तू ताब्यात घेतली आणि तिचा लिलाव झाला. ज्या घरात पहाटेपासून तंबोरे वाजत होते, ते परक्याचे झाले. विष्णुबुवांनी आता बरेचसे आयुष्य रामनामाला वाहिले होते. नाशिकला त्यांनी रामनाम आधाराश्रम स्थापला होता, आणि तेथेही काही शिष्य त्यांच्यापाशी राहून शिकत होते. लहान मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा तीन वर्षांचा होता. पुढे हाच मुलगा दत्तात्रेय विष्णू पलुसकर या नावाने मोठा गवई झाला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस विष्णुबुवांचे निधन झाले. डोळे बरे व्हावेत म्हणून लहानपणी ज्या गावी त्यांना आणले होते, त्याच गावी.

घर गेले, पण त्या घरात वाढलेली मुले आता मोठी झाली होती. त्याच १९३१ साली शिष्यांनी एकत्र येऊन अहमदाबाद येथे गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. पुढच्याच वर्षी, १९३२ च्या मे महिन्यात, विनायकराव पटवर्धन यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले. नारायणराव व्यासांनी मुंबईत दादरला संगीत विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. दिल्लीत १९३९ मध्ये विनयचंद्र मौद्‌गल्य यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. ते विनायकरावांचे शिष्य, म्हणजे विष्णुबुवांचे नातशिष्य. एका वास्तूच्या जागी अनेक वास्तू झाल्या. मंडळाची स्वतःची घरेही उभी राहिली. नवी मुंबईत वाशी येथे आणि मिरजेस ब्राह्मणपुरीत त्यांना ‘गांधर्व निकेतन’ असे नाव आहे.

मंडळाच्या परीक्षा आज देशभर होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार, अशा त्या एकावर एक पायऱ्या आहेत. लहान गावातील मुलगी हार्मोनियमवर बोटे ठेवून सरगम गिरवू लागते आणि वर्ष-दोन वर्षांनी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाऊन परीक्षकासमोर बसते. परीक्षक तिला राग विचारतो, त्याचे आरोह-अवरोह विचारतो, हातावर ताल धरून दाखवावयास सांगतो. तिचे आडनाव, जात किंवा बाप कोण, हे तो विचारीत नाही. राजूरच्या भजनात रांगेच्या टोकाला बसणाऱ्या मुलाने मनात आणले, तर त्यालाही या पायऱ्या चढता येतात.

विष्णुबुवांच्या शिष्यांत बाळकृष्ण रघुनाथ देवधर नावाचे एक शिष्य होते. गुरूंची वास्तू लिलावात गेली त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९२५ मध्ये, त्यांनी मुंबईतच आपली संगीतशाळा काढली. जागा लहान होती. पण देवधरांची दृष्टी मोठी होती. कोणत्याही घराण्याचा गवई मुंबईत आला, की त्याला ते शाळेत बोलावीत, मुलांपुढे गाववीत, आणि त्याच्याशी तासन्‌तास बोलत. १९३६ मध्ये या शाळेत एक मुलगा शिकावयास आला. तो बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. वय जेमतेम बारा. जन्माचे साल १९२४. मोठमोठ्या गवयांचे गाणे एकदा ऐकून तो हुबेहूब गाऊन दाखवी, आणि त्याचे ते गाणे ऐकून मोठी माणसे थक्क होत. पण दुसऱ्याचे गाणे गाऊन दाखवणे निराळे आणि स्वतःचे गाणे शोधणे निराळे. देवधरांनी त्याला मुलांच्या वर्गात बसवले आणि पायापासून शिकवावयास सुरुवात केली. काही वर्षांनी त्याच शाळेत तो इतर मुलांना शिकवू लागला. लोक त्याला कुमार गंधर्व या नावाने ओळखतात.